सुप्याच्या वाटेने कुंभारवाड्याकडे

इतिहास बघायला निघालेला मराठी माणूस आधी किल्ला शोधतो. बुरूज, तट, दिंडीदरवाजा, आणि शेजारी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात यातले फारसे काही हाती लागत नाही. रान, ओढे, भाताची खाचरे, मध्येच पाच-सहा घरांची वाडी, पुन्हा रान. त्यामुळे सुट्टीला येणारे दांडेलीत उतरतात, गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग करतात, धनेश पक्ष्याचा फोटो मिळाला तर घेतात आणि परततात. मला मात्र हा मुलूख इतिहासाने गच्च भरलेला वाटतो. कोण इथे आसऱ्याला आले, कोणाला इथून उठवले गेले आणि कोण कशाच्या बळावर टिकून राहिले, याचा हा इतिहास आहे. तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे असतो. मोटारीची काच वर असेल तर ती माणसे दिसून न दिसल्यासारखी मागे पडतात. सायकलवरून तसे होत नाही. चढावर धाप लागली की थांबावेच लागते, आणि थांबलेल्या माणसाला कोणीतरी विचारतेच, "खंयच्या तुमी?"

यंदा थंडीत मी आणि माझा भाचा बेळगावहून निघालो. सायकली टेंपोत घालून रामनगरपर्यंत गेलो आणि तिथून पुढे जगलबेट, गणेशगुडी, जोयडा असे करत कुंभारवाडा गाठायचे, तिथे मुक्काम, मग उळवी, असा बेत होता. बरोबर वाटाड्या नाही, सामान वाहणारी गाडी नाही, कुठल्या सहल कंपनीची पाटी नाही. कागदावर हाताने काढलेला नकाशा आणि मुक्कामाच्या घरांना आधी केलेले फोन, एवढीच तयारी. रस्ता डांबरी आहे, पण सपाट असा फार थोडा. चढ फार उभे नाहीत, लांब आहेत. संपला असे वाटले की वळणामागे उरलेला दिसतो.

भाचा बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करणारा आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेतल्या ठाण्यांवर शिक्का घ्यायचा, असा तो प्रकार. पुण्या-मुंबईत आणि आता बेळगाव-कोल्हापुरातही या मंडळींची संख्या वाढते आहे, आणि त्यांच्या चिकाटीचे मला मनापासून कौतुक आहे. पण या रस्त्यावर मी त्याला एकच अट घातली होती, अंतर मोजायचे नाही. जगलबेटच्या अलीकडे त्याने विचारलेच, "आत्या, आज एवढेच जायचे?" मी म्हटले, "एवढेच. पण वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे." तो हसला, पण त्याने हँडलवरचा मोबाइल काढून पिशवीत टाकला.

रामनगरला घाईने ओलांडून जाऊ नये. गोव्याला जाणारे लोक इथे चहा पितात आणि पुढे सुटतात. गाव कसे बसले हे कोणी विचारत नाही. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे गाव होते. ते तालुक्याचे ठाणे होते, बाजाराचे गाव होते. काळीवर वीजप्रकल्प आला, सुप्याचे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ मध्ये पुरे झाले, आणि गाव भोवतालच्या वाड्यांसह पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली. उठलेल्या माणसांतली बरीच रामनगरला येऊन वसली. तालुक्याचे नाव कागदावर जोयडा झाले तरी बेळगाव, खानापूर, कारवारकडची जुनी माणसे अजून 'सुपे तालुका'च म्हणतात. सीमाप्रश्नाच्या चर्चेतही कारवार, हल्याळ, सुपे अशीच नावे येतात. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला, हे लक्षात ठेवले म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांचे मराठी इतके सहज का आहे ते कळते.

चहाच्या दुकानात एक आजोबा बसले होते. सायकली बघून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. सुप्याच्या शाळेत शिकलेले. बाजार कुठे भरायचा, नदीला उतार कुठे होता, कोणत्या दुकानात काय मिळायचे, हे त्यांनी टेबलावर बोटाने रेघा ओढत दाखवले. पाणी फार खाली जाते त्या वर्षी जुन्या भिंतींचे अवशेष वर येतात, तेव्हा नातवंडांना घेऊन जातो, म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "ताई, घर काय, परत बांधता येते. शेजार कुठून आणायचा? सगळे पांगले." भाच्याने त्यांना विचारले की तुमचे घर नेमके कुठे होते. त्यांनी टेबलावरच्या ओल्या रेघांमध्ये एका जागी बोट टेकवले आणि उचललेच नाही, चहा येईपर्यंत.

गणेशगुडीजवळ आलो तेव्हा तो भाचाच आधी थांबला. झाडांच्या फटीतून सुप्याच्या धरणाच्या पाण्याचा पसारा दिसत होता. सुंदर दिसत होता हे खरेच आहे, आणि त्या पाण्यावर होणारी वीज कर्नाटकातल्या किती घरांत दिवे लावते हेही खरे आहे. पण त्या आजोबांना भेटल्यानंतर त्या पाण्याकडे नुसते देखावा म्हणून बघता येत नाही. मोटारीतून आलेला माणूस रामनगर आणि हे पाणी यांचा संबंध लावू शकेल का? कदाचित लावेल. पण मधला रस्ता पायांनी ओढलेला असेल तर उठून जाणे म्हणजे किती लांब जाणे, हे पिंढऱ्यांना कळते.

जोयडा सोडल्यावर रान दाट होते. हा काळी व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचे नाव मिळाले. सायकलीला आवाज नसतो, त्यामुळे रानाचा आवाज ऐकू येतो, हा मोठा लाभ. धनेश डोक्यावरून गेला की पंखांचा घरघराट आधी येतो आणि पक्षी नंतर दिसतो. मात्र हाच बिनआवाजीपणा धोक्याचाही आहे. वळणापलीकडे गवा उभा असेल तर त्याला आपली चाहूल लागत नाही. म्हणून वळणावर घंटी वाजवायची, ऊन चांगले वर आल्यावर निघायचे आणि दिवस कलायच्या आत मुक्कामी पोचायचे. सार्वजनिक रस्ता सोडून आत जाणाऱ्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालायचे नाही. हे नियम मी जाचक मानत नाही. या रानात आपण पाहुणे आहोत.

कुंभारवाडा हे नाक्याचे गाव आहे. जोयड्याहून अणशीकडे आणि पुढे कारवारला जाणारा रस्ता इथून जातो आणि उळवीचा फाटा इथेच फुटतो. थोडी दुकाने, चहाची जागा, बसची वाट बघणारी माणसे, आणि जरा बाजूला गेले की खाचरे. भात कापून झाले होते, धसकटे उभी होती. कडेला माडाची आणि सुपारीची झाडे, त्यापलीकडे लगेच रान. या भागातल्या बऱ्याच वाड्या कुणबी समाजाच्या आहेत. त्यांची बोली कोकणी, मराठी त्यांना चांगली समजते, शाळेची भाषा कन्नड. एकाच अंगणात तिन्ही ऐकू येतात आणि त्याचे कोणाला ओझे वाटत नाही. गोव्यातले त्यांचे भाऊबंद २००३ पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. जोयड्याचे कुणबी तीच मागणी वर्षानुवर्षे करत आहेत आणि ती अजून पुरी झालेली नाही. देव एक, सण एक, कंद एक, मधे फक्त राज्याची सीमा. ही मागणी रास्त आहे असे मला वाटते.

आम्ही एका कुणबी घरात उतरलो. शेणाने सारवलेले अंगण, मोठा मांडव, गोठ्याच्या बाजूला परसू. घरच्या वहिनींनी पहिली सूचना केली ती अशी, "सांज जातकच भायर सरूं नाकात." अस्वल येते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर परसात गेले आणि मुडली काढताना पाहिली. मुडली म्हणजे अळूच्या कुळातला मोठा कंद. पावसाच्या तोंडाशी लावतात आणि थंडीत काढतात. त्यांनी आधी पाने कापली, मग बुंध्याभोवती हातभर अंतर ठेवून पहारीने माती सैल केली. मधे पहार घातली तर कंद चिरतो आणि टिकत नाही. माती सैल झाल्यावर बसकण मारून दोन्ही हात आत घातले आणि हळूहळू फिरवत कंद वर काढला. काळपट, केसाळ, तान्ह्या मुलाएवढा. धुवायच्या आधी त्यांनी हाताला आमसुलाचे पाणी लावले, कारण चीक खाजतो. साल काढली तशी आत पांढरी, किंचित जांभळी छटा. मिठाच्या पाण्यात उकडून, वर खोबरेल आणि लाल मुंग्यांची चटणी, असे ते जेवण होते. मुंग्यांची चटणी आंबट असते, कैरीसारखी नव्हे, जिभेला चटकन झोंबणारी. भाच्याने दोनदा मागून घेतली.

या कंदांनी इथल्या माणसांना किती वेळा तगवले आहे याचा हिशेब कुठल्या दप्तरात नाही. भाताचे पीक रानडुकरांनी खाल्ले, पाऊस हुकला, की परसातली मुडली, कोन, सुरण, काटेकणगर हेच घर चालवतात. गेली काही वर्षे जोयड्यात थंडीच्या दिवसांत कंदांचा मेळा भरतो. तिथे बायका टोपल्या घेऊन येतात आणि शहरातून आलेली माणसे पिशव्या भरून नेतात. मला तो मेळा या तालुक्यातली सर्वांत महत्त्वाची ऐतिहासिक गोष्ट वाटते. कंद लावायचे, राखायचे आणि पुढच्या वर्षासाठी बियाणे बाजूला ठेवायचे, हे ज्ञान बाईकडून बाईकडे आलेले आहे आणि अजून चालू आहे.

उळवीचा रस्ता कुंभारवाड्याहून रानातून जातो. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, शरणांवर, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांवर, संकट आले. तिथल्या राजाचा, बिज्जळाचा, वध झाला, शरण पांगले, आणि चन्नबसवण्णांबरोबर एक मोठा जथा पश्चिमेकडे निघाला तो उळवीच्या रानात येऊन थांबला. पक्षी उडतो तसे सरळ मोजले तरी हे अंतर चारशे किलोमीटरच्या वर भरते, आणि ती माणसे तर घाबरलेली, पाठलाग चुकवत, पायी आली. बरोबर शरणांनी रचलेल्या वचनांचा ठेवा होता, अशी श्रद्धा आहे. चन्नबसवण्णांची समाधी उळवीला आहे. आसपास गुहा आहेत. त्यांच्या आईचे, अक्कनागम्मांचे नाव एका गुहेला आहे. माघ पौर्णिमेच्या सुमाराला इथे जत्रा भरते, आणि त्यासाठी बेळगाव-धारवाडकडचे शेतकरी अजून बैलगाड्या जुंपून येतात. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, गाडीवर छत, आत घरचे सगळे. कित्येक दिवसांचा प्रवास. वाटेत मुक्काम, चुली, भजने. घाई नाही.

आपण ज्याला 'स्वतःची स्वतः केलेली सायकल सहल' म्हणतो, नवे फॅड समजतो, ते या रस्त्यावर आधीपासूनच चालत आले आहे. आपला शिधा, आपला वेग, मुक्कामाची ठरलेली गावे, आणि पोचण्याआधीचे सगळे दिवस यात्रेतच धरलेले. जत्रेच्या दिवसांत सायकलने गेलात तर गाड्यांच्या मागे राहावे, पुढे काढायची घाई करू नये. बैल बिचकतात.

परदेशात या प्रकाराची नीट व्यवस्था लागली आहे. डॅन्यूब नदीकाठाने जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत जाणारा सायकलरस्ता जगभर माहीत आहे. जागोजागी खुणांचे फलक, रात्रीच्या मुक्कामी आधी पोचलेले सामान, द्राक्षमळ्यांतून जाणारी सपाट वाट. साठी ओलांडलेली जोडपी तो रस्ता आरामात करतात. आपल्याकडे सायकलवेड्यांची कमी कधीच नव्हती. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. तेव्हा ना गिअर होते ना रस्ते. म्हणजे हौस आणि धाडस आपल्याकडे आहे. नसते ती साध्या माणसासाठी साधी सोय. जोयड्यात डॅन्यूबसारखा आखीव रस्ता व्हावा असे मी म्हणणार नाही. वाघाच्या रानात रुंद रस्ते आणि दिवे नकोतच. पण रामनगर, जोयडा, कुंभारवाडा आणि उळवी इथे एकेक फलक लागावा, ज्यावर त्या गावाची गोष्ट मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये लिहिलेली असेल. सुप्याचा जुना नकाशा रामनगरात कुठेतरी भिंतीवर असावा. टेबलावरच्या ओल्या रेघा पुसल्या जातात, आणि त्या ओढणारी माणसे आता थकत चालली आहेत. हे काम पंचायती आणि शाळा मिळून करू शकतात. त्याला फार पैसा लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. व्याघ्र प्रकल्पातल्या वाड्यांना बाहेर वसण्यासाठी पैसे देण्याची योजना आहे. कुटुंबामागे दहा लाख होते, २०२१ मध्ये पंधरा लाख झाले. काही कुटुंबे आपणहून गेली. रस्ता नाही, दवाखाना लांब, पोरांची शाळा लांब, रात्री अस्वलाची भीती, मग का राहावे, असा त्यांचा सवाल आहे आणि तो खोटा नाही. काहींना जायचे नाही. वहिनींच्या सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, पैसे खात्यात येतात, पण कंद खात्यात लावता येत नाहीत. वाघ राहिला पाहिजे याबद्दल मला शंका नाही. ज्या माणसांनी हे रान शेकडो वर्षे वापरूनही वाघाजोगे ठेवले, त्यांना विचारल्याशिवाय काही ठरू नये, याबद्दलही नाही. वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये झाला तो यासाठीच.

कुंभारवाड्याहून पुढे अणशीचा घाट उतरून कारवारला जाता येते. काळी नदी उगमापासून १८४ किलोमीटर वाहून तिथेच सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर कारवारला आपल्या न्यायाधीश भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे राहायला आले होते आणि होडीतून याच नदीत वर गेले होते. खालून वर जाणारा तो कवी आणि वरून खाली उतरणारे आपण, असा जोड मनात धरून हा घाट करावा. उतार मोठा आहे. ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, म्हणून थांबत थांबत उतरायचे. पावसाळ्यात दरडी येतात, तेव्हा या रस्त्याला जाऊच नये.

जायचे असेल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाचे सौंदर्य अफाट असते, पण हा पट्टा कर्नाटकातला अति पावसाचा आहे आणि जळवा चप्पल-बूट काही बघत नाहीत. गिअरची सायकल हवी, खालचा गिअर अगदी हलका. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान स्वतःजवळ ठेवावे. साध्या सायकलीचे पंक्चर निघेल, गिअरचा सुटा भाग इथे मिळणार नाही. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा कागदावर घ्यावा आणि आजचा मुक्काम कुठे आहे हे घरी आधी सांगून ठेवावे. रोख पैसे सुट्ट्या नोटांत असावेत. मुक्काम रिसॉर्टपेक्षा गावातल्या घरात करावा, म्हणजे पैसा त्याच अंगणात राहतो. आणि त्या घरी निदान आदल्या दिवशी फोन करावा. मुडली खायची असेल तर ती उजेडात काढून, धुऊन, उकडून ठेवावी लागते, आणि वहिनींना दुपारी भारे आणायला रानातही जायचे असते.